शेअरबाजार आणि कलाशाखेचा विद्यार्थी
(द्वितीय वर्ष, कला)

मुख्य विषय निवडण्याची वेळ आली की पूर्वी प्रश्न असे, "नोकरी कशात आहे?" हल्ली त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न आला आहे : "ट्रेडिंग करायचे, तर कोणता विषय घ्यावा?" काशीदहून मुरुडकडे जाणाऱ्या एस.टी.तही मुलांच्या हातातील मोबाईलवर भावांचे आलेख वरखाली होत असतात. तेव्हा या प्रश्नाला हसून चालणार नाही. त्याचे सरळ उत्तर दिले पाहिजे.

माझ्या मते या प्रश्नात दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. शेअरबाजारात काम करणे ही एक गोष्ट आणि घरच्या पैशाने रोज खरेदी-विक्री करून पोट भरणे ही दुसरी. पहिलीला विद्या लागते, परीक्षा असतात आणि महिन्याला पगार मिळतो. दलालाच्या पेढीत, बँकेत, म्युच्युअल फंडात अशी कामे आहेत. सेबीने स्थापन केलेली 'एन.आय.एस.एम.' ही शिक्षणसंस्था तर आपल्याच रायगड जिल्ह्यात, पाताळगंगेला आहे. तिच्या प्रमाणपत्र परीक्षांना कलाशाखेचा विद्यार्थीही बसू शकतो. हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

दुसऱ्या गोष्टीची हकीकत सेबीनेच सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केली. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स व ऑप्शन्सचे व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी 93 टक्के लोक तोट्यात गेले. सर्वांचा मिळून तोटा 1 लाख 80 हजार कोटींच्या वर! खर्च वजा जाता लाखाच्या वर नफा मिळवणारे अवघे 1 टक्का. समोर मोठ्या संस्था व त्यांची संगणकयंत्रणा असताना बी. ए. चा कोणता विषय आपल्याला त्या एका टक्क्यात नेऊन बसवणार?

मग विषयांचा उपयोगच नाही काय? आहे, आणि पुष्कळ आहे. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर शेअरांचा सट्टा माजला. 1865 मध्ये युद्ध संपताच सारा डोलारा कोसळला. प्रेमचंद रायचंदांसारखा कसलेला व्यापारीही त्यातून सुटला नाही. भाव हलतो तो युद्धाने, पावसाने, कायद्याने आणि माणसाच्या लोभाने व भीतीने. इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, मानसशास्त्र यांचाच हा प्रांत नव्हे काय? अर्थशास्त्र त्याची सांगड घालते आणि संख्याशास्त्र त्याचे मोजमाप करते. म्हणून ज्याला बाजारात नोकरी करायची आहे त्याने अर्थशास्त्र अवश्य घ्यावे, गणिताची भीती सोडावी आणि ताळेबंद वाचायला शिकावे. परंतु ज्याचे मन इतिहासात रमते त्याने केवळ बाजाराकडे पाहून इतिहास सोडू नये. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकले आणि 1943 साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. विषय कोणताही असो, तो मुळापासून शिकलेली बुद्धी वाया जात नाही.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारे आपणच पहिले. तोटा भरून काढायला आपल्यामागे वडिलोपार्जित पेढी नाही. आपल्याकडे सुपारीची वाडी लावणारा माणूस पहिल्या पिकासाठी कित्येक वर्षे थांबतो. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात अशा वाड्या एका दिवसात आडव्या झाल्या. ज्यांच्याजवळ वाडीशिवाय दुसरा आधार होता तेच लवकर सावरले. जोखीम म्हणजे काय, हे किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. तरीही फीसाठी ठेवलेला पैसा आपण सट्ट्यात घालणार असू, तर ते शहाणपण आपण मोबाईलपायी विसरलो म्हणायचे!

प्राध्यापकवर्गाला एक विनंती. वर्षातून एक सहल पाताळगंगेला न्यावी आणि ताळेबंद वाचनाचे चार तास कलाशाखेलाही द्यावेत. आणि मित्रहो, विषय असा निवडा की उद्या बाजार बंद पडला तरी तो शिकल्याचा पश्चात्ताप होणार नाही. पदवी हेच आपले पहिले भांडवल आहे; ते सट्ट्याला लावू नका.