आभासी नाणे आणि शून्य पेमेंट



आपल्यापैकी जे सांगली-तासगावच्या बेदाणा बाजाराशी संबंधित आहेत, त्यांना ‘शून्य पेमेंट’ म्हणजे काय हे सांगावयास नको. इतरांसाठी एवढेच, की दिवाळीच्या तोंडावर बेदाण्याचे सौदे बंद ठेवले जातात, खरेदीदार अडत्याची व अडत्या बागायतदाराची येणी-देणी पुरी करतो आणि सर्वांच्या वहीत बाकी शून्य आली, की मगच बाजार पुन्हा उघडतो. चाळीस वर्षे बँकेत कर्जाच्या फायली चाळलेल्या मला ही प्रथा कोणत्याही लेखापरीक्षणापेक्षा मोठी वाटते.

२०२५ च्या ऑक्टोबरच्या ११ तारखेस सकाळी याच व्यवसायातील एका स्नेह्यांचा दूरध्वनी आला. “अहो, जरा दुकानी येता का? पोराला समोर बसवलंय.” दुसरा शनिवार, बँका बंद, यार्डात शुकशुकाट. दुकानी गेलो तो मुलगा गादीवर भिंतीला टेकून बसलेला. वय सत्तावीस, वाणिज्य पदवीधर, दुकानाचा सारा ऑनलाइन कारभार त्याच्याच हाती. रात्री अडीच ते तीनच्या दरम्यान त्याचे सव्वानऊ लाख रुपये गेले होते. ते दुकानाचेही नव्हते. बागायतदारांच्या पट्टीचे, पुढच्या आठवड्यात शून्य करावयाच्या बाकीचे होते.

त्या रात्री घडले ते असे. चीनने दुर्मिळ खनिजांच्या निर्यातीवर नवे निर्बंध जाहीर केले होते. त्यास उत्तर म्हणून अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी शुक्रवारी सायंकाळी, म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे, चिनी मालावर आणखी १०० टक्के आयातशुल्क लावण्याची घोषणा केली. तोवर तिकडचे शेअरबाजार आठवड्यापुरते बंद झाले होते. उघडा होता तो एकच बाजार, जो कधीच बंद होत नाही. तेव्हा जगाची सारी भीती त्या एका दारातून आत शिरली. अवघ्या चारच दिवसांपूर्वी, कोजागिरीला, बिटकॉइनने १,२६,००० डॉलरचा उच्चांक गाठला होता. तो त्या पहाटे १,०५,००० च्या आसपास कोसळला. लहानसहान नाणी काही मिनिटांत निम्म्याहून खाली गेली. एका दिवसात जगभरात १९ अब्ज डॉलरहून अधिक रकमेचे उधारीचे सौदे सक्तीने कापले गेले.

परंतु वाचकहो, सकाळी मी दुकानी पोहोचलो तेव्हा बिटकॉइन पुन्हा १,१२,००० च्या घरात होता. ज्याने रोख पैशाने तो घेऊन ठेवला होता, त्याची आठवड्यातील घट कागदावर दहा-अकरा टक्क्यांची होती. मग या मुलाचे सर्वच्या सर्व कसे गेले? याच प्रश्नात गुंतवणूक आणि जुगार यांची सीमारेषा आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

त्याने नाणे घेतलेच नव्हते. सव्वानऊ लाखांचे टेथर नावाचे, डॉलरशी बांधलेले नाणे परदेशी बाजारमंचावर अनामत ठेवून त्याने दहापट, म्हणजे साडेब्याण्णव लाखांची तेजी धरली होती. अशा सौद्यात भाव दहा टक्के चढला तर रक्कम दुप्पट. दहा टक्के उतरला तर अनामत संपली आणि सौदा यंत्राने आपोआप कापला. कोणी फोन करून ‘मार्जिन भरा’ म्हणत नाही. ती पहाट सरून भाव परत आला, पण परत येणाऱ्या भावाची वाट पाहण्याचा हक्कच त्याने विकलेला होता.

आपल्या जुन्या मंडळींना हे नवे वाटू नये. या सौद्यांना वलणाची तारीख नसते. ते कितीही दिवस पुढे ओढता येतात आणि त्यासाठी सामान्यतः दर आठ तासांनी एक बाजू दुसऱ्या बाजूला आकार मोजते. तेजीवाले जास्त झाले तर तेजीवाल्याने द्यायचे, मंदीवाले जास्त झाले तर उलट. हा आपल्या दलाल स्ट्रीटचा बदला आणि उंधा बदलाच नव्हे काय? जो बदला सेबीने २००१ साली बंद केला, तोच इंग्रजी नाव घेऊन आपल्या मुलांच्या खिशातील फोनवर परत आला आहे. पूर्वी बदल्याला दलाल तरी तोंडओळखीचा असे.

मुलगा म्हणाला, “काका, आपल्या आजोबांनीपण हळदीचा वायदा केलाच की.” प्रश्न रास्त होता. मी त्यास म्हटले, होय, केला, आणि त्यात सांगलीतील कित्येक घरे वर आली तशी खालीही गेली. पण त्या वायद्याच्या तळाशी हरिपूरच्या पेवांत हळद पुरलेली असे. भाव कितीही पडला तरी माल पेवातून काढून विकता येई. निदान भाजीत तरी घालता येई. तुझ्या सौद्याच्या तळाशी काय होते? तो गप्प राहिला.

येथे माझ्याही चुकीची कबुली देतो, नाहीतर हे लिखाण एकतर्फी होईल. २०१७ च्या डिसेंबरात बिटकॉइन वीस हजार डॉलरच्या जवळ असताना आमच्या नात्यातील एका तरुणाने माझा सल्ला विचारला. मी ‘हात लावू नकोस’ म्हटले. वर्षभरात भाव चार हजारांच्याही खाली आला आणि घरात माझा मोठा गौरव झाला. आज तो तरुण प्रत्येक लग्नकार्यात मला भावाची आठवण करून देतो. न पेक्षा मी हसून घेतो. ज्याने स्वतःच्या बचतीतला लहान वाटा, बुडाला तरी चूल बंद पडणार नाही एवढा, रोखीने गुंतवला व करही भरला, त्यास मी जुगारी म्हणणार नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियन फौजा शिरल्यावर युक्रेनच्या सरकारने जगापुढे मदतीसाठी हात पसरला, तेव्हा याच नाण्यांतून देणग्या तातडीने पोहोचल्या, हेही विसरता येत नाही.

मात्र ‘हे नाणे कोणत्याही सरकारच्या हातात नाही, म्हणून युद्धात तेच तारील’ हा जो प्रचार आहे, तो मला मान्य नाही. रशियाने आक्रमण केले त्या दिवशी ते घसरले. २०२४ च्या एप्रिलमध्ये इराणने इस्राएलवर क्षेपणास्त्रे सोडली, तीही शनिवारची रात्र होती, तेव्हा घसरले. २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले, तेव्हा लाखाच्या खाली उतरले. त्याच जूनमधील एक घटना तर विलक्षण आहे. नोबिटेक्स या इराणमधील सर्वांत मोठ्या क्रिप्टो बाजारमंचावर इस्राएलशी जोडल्या जाणाऱ्या एका गटाने घाला घातला आणि सुमारे ९ कोटी डॉलरची नाणी काढून घेतली. घेतली, पण ठेवली नाहीत. ज्यांची किल्ली कोणाजवळच नाही अशा पत्त्यांवर पाठवून कायमची नष्ट केली. दरोडेखोर लूट घेऊन पळतो हे आपण जाणतो. लूट जाळून निघून जाणारा दरोडेखोर, हे आजच्या युद्धाचे रूप आहे. आणि त्यात सामान्य इराणी खातेदारांचीही पुंजी असणार. त्याआधी फेब्रुवारीत बायबिट मंचावरून सुमारे दीड अब्ज डॉलरची चोरी झाली; अमेरिकेच्या एफबीआयने तिचा ठपका उत्तर कोरियावर ठेवला. म्हणजे सरकारांपासून मुक्त म्हणविणाऱ्या तिजोऱ्या सरकारेच फोडीत आहेत. आणि महासत्तेचा अध्यक्ष शपथविधीच्या तीन दिवस आधी स्वतःच्या नावाचे नाणे बाजारात आणतो. ते सत्तर डॉलरपलीकडे जाते आणि तीन महिन्यांत दहाच्या खाली येते. अशा बाजारास राजकारणमुक्त म्हणणे धाडसाचे आहे.

युद्ध आणि सट्टा यांची ही सोयरीक मुंबईने फार पूर्वी पाहिली आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरे अडविली गेली, लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून अडल्या आणि आपल्या कापसास सोन्याचा भाव आला. तो पैसा मुंबईत शिरला व कंपन्यांचे पीक आले. बॅकबेची खाडी भरून काढणाऱ्या कंपनीचा पाच हजार भरणा झालेला शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. या तेजीचे सूत्रधार आपल्याच समाजातले, सुरतेचे प्रेमचंद रायचंद. मुदतीचे सौदे १ जुलै १८६५ च्या वलणासाठी लिहिले गेले होते. त्या एप्रिलमध्ये दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली, कापूस कोसळला आणि वलणाच्या दिवशी घेणारेही बुडाले, देणारेही. बँक ऑफ बॉम्बेने कर्जे दिली होती ती शेअरांच्या तारणावर. ज्या वस्तूचा सट्टा, तीच वस्तू तारण! १८६८ मध्ये ती बँक गुंडाळावी लागली. हे वाचताना आजही माझ्यातला कर्ज अधिकारी अस्वस्थ होतो. प्रेमचंदशेठांनी तेजीच्या काळात मातोश्रींच्या नावे मनोऱ्यासाठी दिलेली देणगी मात्र टिकली. राजाबाई टॉवर आजही तास देतो.

कराविषयी दोन शब्द, कारण अनेकांचा समज असा की सरकारने कर लावला म्हणजे मान्यता दिली. तसे नाही. १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा होत नाही. एकात दोन लाख मिळाले व दुसऱ्यात तीन लाख गेले, तर प्रत्यक्षात लाखाचा तोटा सोसूनही उपकरासह ६२,४०० रुपये कर भरावयाचा. बँकेतील ठेवीस पाच लाखांपर्यंत विम्याचे कवच असते. येथे कसलेच नाही.

सोमवारी दुसरे संकट उभे राहिले. उरल्यासुरल्या रकमेतून एका बागायतदारास पैसे पाठवू गेले, तो दुकानाचे चालू खातेच गोठवलेले. ऑगस्टमध्ये मुलाने थोडे टेथर एका अनोळखी इसमास विकले होते व त्याचे १ लाख ४० हजार दुकानाच्या खात्यात घेतले होते. ते पैसे परराज्यातील कोणा फसवल्या गेलेल्या गृहस्थाचे निघाले. त्याने १९३० वर तक्रार केली, पैशाचा माग आमच्या स्नेह्यांच्या खात्यापर्यंत आला. तीन पिढ्यांचे दुकान पोलिसांच्या यादीत! स्नेही मला म्हणाले, “सव्वानऊ लाख गेले त्याचं काही नाही हो. पण खातं बंद आहे म्हणून शेतकऱ्याला सांगायचं कसं?”

पुढील आठ दिवस मी पुन्हा नोकरीवर असल्यासारखा होतो. त्या व्यवहाराचे संदेश, क्रमांक, मंचावरील नोंदी गोळा केल्या. संबंधित पोलीस ठाण्यास लेखी खुलासा पाठविला. वादग्रस्त रकमेपुरताच प्रतिबंध ठेवून उरलेले खाते मोकळे करावे असा अर्ज केला. अशा प्रसंगी बँकेत आवाज चढवून काही साधत नाही. शाखाधिकाऱ्याचे हात बांधलेले असतात, त्यास कागद द्यावा लागतो. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडली. खाते १७ तारखेस खुले झाले, १ लाख ४० हजार अद्याप अडकून आहेत. बागायतदारांची बाकी धनत्रयोदशीच्या संध्याकाळी शून्य झाली.

या सर्व धावपळीत मला वारंवार आठवत होता तो जून महिना. एका घरगुती कार्यक्रमात याच मुलाने मला विचारले होते, “काका, होर्मुझ बंद पडेल का हो? युद्ध जरा वाढलं तर बरं होईल.” तेव्हा त्याची बाजू मंदीची असावी. मी हसून विषय बदलला. सप्तव्यसनांत द्यूताचे नाव पहिले, हे आपण पाठशाळेत घोकलेले असते. पण अनर्थदंडाच्या प्रकारांत ‘अपध्यान’ही येते, दुसऱ्याच्या नाशाचे चिंतन, हे मला त्या क्षणी सुचले नाही. त्याला तेव्हाच बाजूस घेऊन, ‘अरे, तुझे काय अडकले आहे?’ असे विचारले असते तर कदाचित जूनमध्येच उलगडा झाला असता.

वहीपूजनाच्या दिवशी मला अगत्याचे बोलावणे होते. पूजा झाली, दिवाणजी नवी वही उघडून बसले. जुन्या वर्षातली एकच रक्कम कोठे घालावी हे ठरत नव्हते. “साहेब, हे कोणत्या खात्याला नावे टाकायचं?” त्यांनी मला विचारले. धंद्याचा तोटा म्हणता येत नव्हता, कारण धंद्यात तो झालाच नव्हता. मी म्हटले, मालकांना विचारा.

“माझ्या उचलीत टाका,” स्नेही म्हणाले.

मुलगा दाराशी उभा होता. “नको अण्णा, माझ्या नावानं नवं खातं काढा.”

दिवाणजींनी वर पाहिले. स्नेह्यांनी क्षणभर थांबून मान हलवली आणि वही मुलाच्या पुढ्यात सरकवली. त्याने स्वतःच्या हाताने नाव लिहिले, रक्कम अक्षरी व आकड्यांत लिहिली, आणि तारखेशी अडखळून मला विचारले, “काका, अकरा घालू का आजची?”

“अकरा,” मी म्हणालो.