दांडा अडला, तर जोर नको!

दुसऱ्या महायुद्धात नाव कमावलेली विलिस जीप स्वातंत्र्यानंतर आपल्या माझगावातच जोडली जाऊ लागली. चारही चाकांना ओढ देणारी अशी एखादी जुनी जीप घरात असली, की दिवाळीला गावी जायचे बेत ठरतात. आणि नेमका तेव्हाच गिअरचा दांडा हटून बसतो.

"अरे, जरा जोर लाव!" असे काका मागून सांगतात. तो सल्ला ऐकू नये. जोराने दांडा हलतो खरा, पण आतले दाते झिजतात, काटे वाकतात.

गाडी सपाटीवर उभी करून, हातब्रेक ओढून, इंजिन बंद ठेवून दांडा हलवावा. बंद इंजिनावर तो सहज फिरला आणि चालू इंजिनावर अडला, तर दोष बहुधा क्लचचा. पेडलची ढील तपासून घ्यावी. दोन्ही वेळा अडला, तर दांड्याचा सांधा कोरडा पडला असेल. सकाळी कडक आणि थोडे चालल्यावर नरम, तर पेटीतले तेल जाड. नवे तेल पुस्तिकेत सांगितलेल्याच जातीचे घालावे. भलते तेल आतली पितळी कडी खाऊन टाकते.

तीन गिअरांच्या जुन्या जीपला पहिल्या गिअरसाठी ही कडीच नसते. तो गाडी थांबवूनच टाकावा. चालत्या गाडीत अडला, तर तो दोष नव्हे.

घाटाच्या उतारावर गिअर पडला नाही, तर सारा भार ब्रेकवर येतो. म्हणून फराळाचे डबे गाडीत चढण्यापूर्वीच ही परीक्षा उरकावी.