शिरेतून विकली जाणारी साखर

अशक्तपणा आला की शेतमजूर मजुरीचे पैसे मोडून सलाईन लावून घेतो. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्धा लिटर बाटलीत साखर असते अवघी २५ ग्रॅम! तोंडावाटे औषध देण्याचा मार्ग दुबळा खासच नव्हे. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासितांत पटकी पसरली, शिरेवाटे द्यावयाची द्रावणे संपत आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा व ग्लुकोजचे पाणी पाजून मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले. बेशुद्ध रुग्णाची गोष्ट निराळी. परंतु गिळू शकणाऱ्याला सुई टोचण्यात लाभ कोणाचा? अर्धपोटी शरीराला भाकरी-डाळ हवी, रक्तक्षय असल्यास सरकारी दवाखान्यातील लोहाच्या मोफत गोळ्या हव्यात. कार्यकर्त्यांनी या २५ ग्रॅमचा हिशेब रोजगार हमीच्या प्रत्येक कामावर मांडावा.