पंधराशे रुपये, दोन राज्ये आणि माहेरचे बाळंतपण

इब्रामपूरहून दोडामार्गला जाताना राज्य कुठे बदलले हे नवख्या माणसाला पाटी पाहूनच कळते. सोयरिकींना तर ती पाटी कधीच दिसली नाही. आमच्या मुली साटेली-भेडशीत, कुडाशात दिल्या आहेत, तिकडच्या मुली सुना होऊन इकडे आल्या आहेत. त्यामुळे २०२४ च्या जुलैत महाराष्ट्र सरकारने 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना सुरू केली तेव्हा तिची चर्चा इब्रामपुरातही घरोघर झाली. तिकडच्या बहिणीला दरमहा पंधराशे, इकडच्या वहिनीला 'गृह आधार'चे पंधराशे. दोन सरकारे, दोन वेगळे हिशेब, पण आकडा नेमका तोच.

गोव्यात हे आधी झाले, हे आपण विसरतो. मनोहर पर्रीकर सरकारने २०१२ मध्ये गृह आधार सुरू केली. महागाईची झळ गृहिणीला लागू नये म्हणून पैसे थेट तिच्या खात्यात, ही त्यामागची कल्पना. सुरुवातीला हजार रुपये होते, मग बाराशे, मग पंधराशे. त्याच वर्षी मुलींसाठी 'लाडली लक्ष्मी' आली, एक लाख रुपयांची. मुलगी जन्मल्यावर आईला दहा हजार देणारी 'ममता' योजनाही आहे. २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत या रकमांचा अक्षरशः लिलाव झाला. तृणमूल काँग्रेसने घरातील एका महिलेला दरमहा पाच हजारांचे आश्वासन दिले, आम आदमी पक्षाने गृह आधार अडीच हजार करू म्हटले. मतदारांनी त्या दोघांनाही सत्ता दिली नाही, ही गोष्ट वेगळी. महाराष्ट्रात मात्र २०२४ च्या नोव्हेंबरात उलटे घडले. लाडकी बहीण योजनेने निवडणूक फिरवली असे सगळेच मानतात. त्यावेळी दिलेले २१०० रुपयांचे वचन मागे पडले आणि पुढे पडताळणी, ई-केवायसी सुरू झाली. आता २०२७ मध्ये आपल्याकडे निवडणूक आहे. कोण किती वाढवणार, हा प्रश्न पुन्हा दारावर येणार.

या पैशांना 'रेवडी' म्हणून हिणवणाऱ्यांच्या पंगतीत मी नाही. ज्या बाईच्या हातात स्वतःची अशी रक्कम कधी पडलीच नाही, तिला पंधराशे म्हणजे काय हे पगारदार माणसाने तिला शिकवू नये. मुलाला ताप आला तर नवऱ्याच्या पगाराची वाट न पाहता रिक्षा करता येते. नवरा-बायकोच्या भांडणात 'माझे पैसे' असे म्हणता येते. ही लहान गोष्ट नव्हे.

पण महिलांच्या नावाने होणारी ही सगळी चर्चा त्यांच्या आरोग्याची चर्चा आहे, असा जो समज करून दिला जातो तो तपासायला हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची चौथी आणि पाचवी फेरी शेजारी शेजारी ठेवून पाहा. चौथी २०१५-१६ ची, पाचवी २०१९-२१ ची. गोव्यात जवळजवळ सगळी बाळंतपणे इस्पितळात होतात. बालमृत्यूच्या बाबतीत आपले राज्य देशात पुढे आहे. इथपर्यंत अभिमान वाटावा असेच चित्र आहे. मात्र रक्तक्षय असलेल्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे ३१ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर गेले. पाच वर्षांखालील मुलांत रक्तक्षय ४८ टक्क्यांवरून ५३ टक्क्यांवर आणि वयाच्या मानाने उंची खुंटलेल्या मुलांचे प्रमाण २० टक्क्यांवरून जवळजवळ २६ टक्क्यांवर गेले. गोव्यासारख्या लहान राज्यात नमुना लहान असतो, दोन-चार टक्के इकडेतिकडे होऊ शकतात. तरी तिन्ही आकडे एकाच दिशेने सरकले आहेत, आणि ती दिशा चांगली नाही. गृह आधार चालू असतानाचीच ही वर्षे. योजनेमुळे हे झाले असे कोणी म्हणणार नाही. तिने हे थांबले नाही, एवढे मात्र म्हणता येते. थांबण्याची अपेक्षाही नव्हती, कारण योजनेचा हेतू तो नव्हताच.

रक्तक्षय थांबतो तो दुसऱ्या वाटेने. गरोदर बाईला १८० दिवस लोहाच्या गोळ्या घ्यायच्या असतात. गोळ्या फुकट मिळतात, पण मळमळते म्हणून महिन्याभरात त्या फडताळात जातात. 'जेवणानंतर घे, रात्री घे, पण सोडू नको' हे सांगायला कोणीतरी दारी यावे लागते. दोडामार्गच्या गावांत त्यासाठी आशा आहे. देशभर आशा स्वयंसेविका नेमल्या गेल्या तेव्हा गोव्याने नेमल्या नाहीत. आमच्याकडे आरोग्य केंद्रे जवळ आहेत, नर्सबाई आहे, अशी त्यामागची समजूत. ती म्हापसा-पणजीच्या आसपास खरी असेल. पेडणे तालुक्याच्या या टोकाला, जिथे वाडे डोंगराच्या कुशीत विखुरलेले आहेत, तिथे घरोघरचे काम शेवटी अंगणवाडी सेविकेवरच येते.

आणि या सेविकेला सरकार काय समजते? 'मानसेवी'. अंगणवाड्या १९७५ पासून चालू आहेत, पण तिला पगार नसतो, मानधन असते. केंद्राने ते मानधन २०१८ मध्ये तीन हजारांवरून साडेचार हजार केले. राज्य त्यात भर घालते आणि गोवा इतरांपेक्षा बरी भर घालतो, हे मान्य करायला हवे. सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. तिने मुले सांभाळायची, वजने घ्यायची, पोषण ट्रॅकरवर नोंदी करायच्या, आणि आता घरी न्यायचा आहार देताना लाभार्थी बाईच्या चेहऱ्याची ओळख फोनवर पटवायची. रेंज नसेल तर? निवडणुकीच्या सभेत गृह आधार वाढवण्याची घोषणा झाली की टाळ्या पडतात. अंगणवाडीत दुसरी मदतनीस नेमू, असे वचन देऊन टाळ्या घेतलेला उमेदवार मी तरी अजून पाहिलेला नाही.

आता प्रत्यक्ष बाळंतपणाचे पाहू. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपयांचा हक्क दिला, सरकारी नोकरीत किंवा अन्य कायद्याने असा लाभ मिळणाऱ्या तेवढ्या वगळून. हा कायदा आहे, मेहरबानी नव्हे. २०१७ मध्ये प्रधानमंत्री मातृवंदना योजना आली ती पाच हजारांची, आणि पहिल्या अपत्यापुरती. पुढे दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर सहा हजार, अशी भर पडली. म्हणजे दुसरा मुलगा झाला की आईला काही नाही. जणू त्या वेळी तिची कंबर दुखली नाही, तिचे रक्त कमी झाले नाही. मुलींचा जन्म वाढावा हा हेतू चांगलाच, पण बाळंतिणीच्या विश्रांतीचा पैसा बाळाच्या लिंगावरून ठरवणे मला पटत नाही. तमिळनाडू गरोदरपणात रोख आणि पोषण किट मिळून अठरा हजारांची मदत देते. लाडकी बहीण वा गृह आधार वर्षाला अठरा हजारच देतात. तेव्हा पैसा नाही, असे कोणत्याही सरकारला म्हणता येणार नाही. तो कधी आणि कशासाठी द्यायचा, एवढाच वाद आहे.

आपल्या गावाला यात आणखी एक पेच आहे. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत अजून टिकून आहे. दोडामार्गात दिलेली मुलगी सातव्या महिन्यात इब्रामपूरला येते. तिची नोंद तिकडच्या अंगणवाडीत, आशा तिकडची, आधारवरचा पत्ता तिकडचा. इथे ती कासारवर्ण्याच्या आरोग्य केंद्रात जाते, गुंतागुंत असली तर म्हापसा किंवा बांबोळीला. इथे ती कोण? गोव्यात जन्मलेली, पण आता गोमंतकीय नसलेली. उलट तिकडून आलेल्या सुनेला गोव्याच्या योजनांतली पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट आधी वाचावी लागते. लाडकी बहीण योजनेत महाराष्ट्राने हा प्रश्न निदान ओळखला. परराज्यात जन्मलेल्या बाईने तिथल्या रहिवाशाशी लग्न केले असेल तर नवऱ्याचा दाखला चालेल, अशी दुरुस्ती लगेच झाली. सीमेवरच्या घरांना तिचा उपयोग झाला.

इस्पितळांच्या बाबतीत एवढे सामंजस्य दिसले नाही. जानेवारी २०१८ पासून गोमेकॉत परराज्यातील रुग्णांकडून शुल्क घेण्याचा निर्णय झाला आणि दोडामार्गात त्याविरुद्ध मोठे आंदोलन उभे राहिले. गोव्याची बाजू अगदीच खोटी नव्हती. खाटा आमच्या, कर आमचा, आणि सिंधुदुर्गाने आपली आरोग्यव्यवस्था उभारायची नाही, असे किती दिवस चालणार? पुढे महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून मार्ग काढायचे प्रयत्न झाले, पण ती योजना ठरावीक उपचारांपुरती. ओरोसला २०२१ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तरी दोडामार्गच्या माणसाला आजही बांबोळीच जवळची वाटते. आणि आमचे पेडणे? तुयेच्या इस्पितळाची इमारत उभी राहून वर्षे लोटली, तरी ते गोमेकॉला जोडावे म्हणून २०२५ मध्ये पेडणेकरांना रस्त्यावर यावे लागले. म्हणजे 'बाहेरचे' म्हणून ज्यांना आपण शुल्क लावले त्यांची आणि आपली तक्रार मुळात एकच आहे: गुंतागुंतीच्या बाळंतपणाला जवळ सोय नाही.

गरोदर बाई आणि वर्षाखालील आजारी बाळ यांच्यासाठी सरकारी इस्पितळात सर्व काही मोफत असावे, असे २०११ मध्ये सुरू झालेला केंद्राचा जननी शिशू सुरक्षा कार्यक्रम सांगतो. त्यात उत्पन्नाची अट नाही आणि पत्त्याचीही नाही. तेव्हा सीमेवरच्या तालुक्यांपुरता तरी दोन्ही राज्यांनी लेखी करार करावा: बाळंतपण कुठेही होवो, खर्च ज्याचा त्याने द्यावा, नोंद एकमेकांकडे जावी. अशक्य आहे का? तिळारीचे पाणी १९९० च्या करारानुसार गोव्यात येते, त्यातला वाटा ठरलेला आहे, खर्चाची विभागणीही ठरलेली आहे. धरणासाठी दोन सरकारे एका टेबलावर बसली. बाळंतिणींसाठी तशी बसल्याचे ऐकिवात नाही.

करार व्हायचा तेव्हा होईल. तोवर एक काम आपल्याच हातात आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानात गावच्या आरोग्य, स्वच्छता आणि पोषण समितीसाठी वर्षाला दहा हजारांचा मुक्त निधी ठेवलेला असतो. रक्कम क्षुल्लक आहे, पण ती कशावर खर्च करायची हे गावानेच ठरवायचे असते. आपल्या पंचायतीत त्या समितीवर कोण आहे, तिची शेवटची बैठक कधी झाली आणि गावातल्या किती मुलांची वजने कमी भरली, हे रविवारच्या ग्रामसभेत विचारायला हरकत नसावी. रस्ता आणि दिव्यांचे विषय संपल्यावर नव्हे, त्यांच्या आधी.