वेगाचा आकडा नंतर, आधी चिपचे नाव

जुन्या संगणकावर लिनक्स बसवून शाळेच्या संगणक-कक्षासाठी फायरवॉल तयार करणे हा एक उत्तम प्रकल्प आहे. फायरवॉल म्हणजे वेशीवरचा पहारेकरी. बाहेरून येणारी आणि आतून जाणारी सर्व माहिती तो तपासूनच पुढे सोडतो. त्यासाठी सहसा दोन नेटवर्क कार्डे लागतात, एक बाहेरच्या बाजूला आणि एक आतल्या. ती घेताना बहुतेक जण खोक्यावरचा वेग वाचतात आणि किंमत विचारतात. माझे मत असे, की आधी पाहावी ती कार्डावरची चिप.

असे का? थोडे गणित करू. १ गिगाबिटचे कार्ड सेकंदाला १०० कोटी बिट वाहून नेते. ही माहिती तुकड्यांनी जाते. त्या तुकड्यांना फ्रेम म्हणतात. ईथरनेटची सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइटची असते. तिच्या आधीचा इशारा आणि दोन फ्रेममधील मोकळे अंतर यांचे २० बाइट मिळवले, की ८४ बाइट म्हणजे ६७२ बिट होतात. आता १०० कोटींना ६७२ ने भागा. सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार फ्रेम येऊ शकतात!

पोस्टमनने प्रत्येक पत्रासाठी दाराची घंटा वाजवली, तर घरच्या माणसाला दुसरे कामच करता येणार नाही. चांगले कार्ड बरीच पत्रे नेमक्या जागी ठेवून मग एकदाच घंटा वाजवते. रिअलटेकची १०० मेगाबिटची ८१३९ ही चिप एके काळी फार खपली, कारण ती स्वस्त होती. पण आलेल्या सर्व फ्रेम ती स्मृतीच्या एकाच पट्ट्यात ओतत असे, आणि त्या उचलून जागेवर ठेवण्याचे काम प्रोसेसरवर पडे. घरच्या संगणकाला एवढे पुरेसे होते. रात्रंदिवस राबणाऱ्या पहारेकऱ्याला ते पुरत नाही.

दुसरी कसोटी ड्रायव्हरची. कार्डाला कामाला लावणारा हा प्रोग्रॅम लिनक्सच्या मूळ गाभ्यातच समाविष्ट आहे का, हे विचारा. तो बाहेरून आणून बसवलेला असेल, तर गाभा बदलला की पुन्हा तयार करावा लागतो. ते राहून गेले, तर संगणक सुरू होतो, पण त्याला कार्डच सापडत नाही आणि साऱ्या शाळेचा संपर्क तुटतो.

मग नामांकित कंपनीचे कार्ड घेतले, की झाले? नाही. इंटेलच्या आय-२१० आणि आय-३५० या चिपांचा ड्रायव्हर गाभ्यात आहे आणि त्यांचा लौकिक चांगला आहे. पण त्याच कंपनीच्या आय-२२५ च्या सुरुवातीच्या आवृत्तीत दोन फ्रेममधील अंतराचाच दोष निघाला. तेव्हा कंपनीच्या नावावर थांबू नका. चिपचा क्रमांक आणि आवृत्तीही पाहा.

२००८ मधील एक घटना बोलकी आहे. लिनक्स २.६.२७ च्या चाचणी-आवृत्त्या वापरताना इंटेलच्या काही कार्डांची कायम स्मृती बिघडली आणि ती निकामी झाली. प्रथम संशय कार्डाच्या ड्रायव्हरवर आला. खरा दोष गाभ्याच्या हालचाली नोंदवणाऱ्या एका वेगळ्याच सुविधेत सापडला. तो सापडला, कारण सारा प्रोग्रॅम सर्वांना वाचायला खुला होता. विश्वासार्ह वस्तूतही दोष निघतात. पण ते शोधून दुरुस्त करता येतात, हेच तिचे लक्षण.

शिक्षकांना एक विनंती. खरेदीपूर्वी विद्यार्थ्यांकडून चिपचा क्रमांक शोधून घ्या. पैसे कमी असतील, तर अनोळखी चिपच्या नव्या कार्डापेक्षा पारखलेल्या चिपचे, सर्व्हरमधून काढलेले जुने कार्ड मी पसंत करीन. मात्र ते बनावट नाही याची खात्री करून घ्या. कार्ड बसवल्यावर आठवडाभर ईथटूल या प्रोग्रॅमने चुकलेल्या आणि गळालेल्या फ्रेमचे आकडे रोज वहीत नोंदवा. ते वाढत असतील, तर आधी केबल बदलून पाहा. तरीही वाढले, तर कार्ड बदला. खोक्यावरील आकडा विक्रेत्याचा असतो. वहीतला आकडा तुमचा स्वतःचा असेल.