पाणबुडीचं नाक बोथट का असतं?



आज आधी माझीच चूक सांगतो. चौथीतल्या एका मुलाने पाणबुडीचं चित्र काढलं. पुढून गोल, मागून निमुळती. मी लाल पेनाने दुरुस्ती केली, "समोर टोक हवं, पाणी कापलं गेलं पाहिजे." तो हळूच म्हणाला, "सर, मासा त पुढून गोल अन् मांगून बारीक रायते ना?" मी त्याला खाली बसवलं. घरी येऊन वाचलं, तेव्हा कळलं की पोरगं बरोबर होतं.

टोकदार नाक लागतं ते पाण्यावर चालणाऱ्या जहाजाला, कारण जहाजाची बरीच ताकद लाटा उठवण्यात जाते. खोल पाण्यात लाटांचा प्रश्नच नाही. तिथे दोन गोष्टी अडवतात: अंगाला घासणारं पाणी आणि मागे तयार होणारे भोवरे. पूर्णेला पूर आला की पुलाच्या खांबामागे पाणी कसं गरगरतं, आठवा. तिथे दाब कमी होतो आणि वस्तू मागे ओढली जाते. शेपूट हळूहळू निमुळतं असेल, तर दोन्ही बाजूंचं पाणी शांतपणे परत जुळतं. भोवरे कमी, म्हणजे आवाजही कमी. पाणबुडीचा तर जीवच शांततेवर अवलंबून!

आपल्याच नौदलाचं उदाहरण घ्या. 1967 साली दाखल झालेल्या पहिल्या 'कलवरी'चं नाक जहाजासारखं होतं. त्याच जातीची 'कुरसुरा' आज विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे. या पाणबुड्यांचा वेग पाण्यावर सुमारे 16 नॉट, तर पाण्याखाली 15. पुढे 1953 च्या अमेरिकन 'अल्बाकोर'ने दाखवलेला थेंबासारखा आकार जगभर रुजला. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली नवी 'कलवरी' 14 डिसेंबर 2017 रोजी दाखल झाली. नाक गोल, शेपूट निमुळतं. पाण्याखाली वेग सुमारे 20 नॉट, म्हणजे ताशी 37 किलोमीटर. पाण्यावर मात्र त्याच्या जवळपास निम्माच.

आता हे आपल्या अमरावती-अकोल्याच्या शाळेत कसं दाखवायचं? समुद्र लांब आहे, पण मेणबत्ती तर आहे! गोल बाटलीच्या अगदी मागे पेटती मेणबत्ती ठेवा आणि समोरून बाटलीवर फुंकर मारा. ज्योत विझते, कारण हवा गोलाईला चिकटून मागे जुळते. आता बाटलीऐवजी तेवढ्याच रुंदीचा सपाट पुठ्ठा धरा. ज्योत सहसा विझत नाही, उलट पुठ्ठ्याकडे झुकते. तेच ते भोवरे. (मेणबत्ती शिक्षकांनीच हाताळावी.)

माझं स्पष्ट मत असं आहे: "माशाचे शरीर निमुळते असते" हे वाक्य पाठ करून घेणं म्हणजे विज्ञान नव्हे. कुठल्या बाजूने निमुळतं आणि का, हे विचारल्याशिवाय धडा पूर्ण होत नाही. आणि हा प्रश्न मुलानेच विचारला, तर त्याला खाली बसवू नका.

दुसऱ्या दिवशी मी ते चित्र वर्गात भिंतीवर लावलं. लाल रेघ तशीच आहे, पण खाली मी लिहिलंय, "चूक सरांची."

तुम्हीही प्रयोग करून बघा आणि मुलं काय म्हणाली ते नक्की कळवा.