निकषाचा दगड कोणाच्या हाती?

मराठी समीक्षेत 'निकष' आणि 'मापदंड' हे शब्द इतके झिजले आहेत की त्यांच्यामागे एकेकाळी खरा दगड आणि खरी काठी होती, याचे भान कोणास उरलेले नाही. ज्यावर सोने घासून पाहायचे तो दगडच खोटा निघाला तर काय, हा प्रश्न सोनाराला पडतो. समीक्षकाला सहसा पडत नाही. आज हा प्रश्न संगणकाच्या एका रुक्ष वाटणाऱ्या क्षेत्रात मोठ्या नेटाने विचारला जात आहे, आणि साहित्याची मंडळी 'ते तांत्रिक काम' म्हणून त्याकडे पाठ फिरवून बसली आहेत. आमच्या मते ही अलिप्तता बेजबाबदारपणाची आहे.

क्षेत्र आहे फाइल सिस्टिमच्या मोजमापाचे. डिस्कवर कोणता मजकूर कोठे ठेवायचा, त्याची नोंद कशी राखायची आणि मागितल्यावर तो कसा शोधून द्यायचा, ही व्यवस्था म्हणजे फाइल सिस्टिम. ग्रंथालयातील कपाटांची मांडणी आणि तालिका एकत्र कल्पावी. अशा व्यवस्था अनेक आहेत, आणि कोणती किती वेगाने काम करते हे पाहण्यासाठी 'बेंचमार्क' म्हणजे मापनाची साधने लिहिली जातात. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जन्मलेले आणि पुढे न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रूक विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने सांभाळलेले 'फाइलबेंच' हे त्यांपैकी एक. ते मुक्तस्रोत आहे; त्याची संहिता कोणीही वाचावी, तपासावी, दुरुस्त करावी. त्याची स्वतःची एक छोटी भाषा आहे. फाइली किती, केवढ्या, एकाच वेळी किती जणांनी वाचायच्या वा लिहायच्या, हे मोजणाऱ्याने त्या भाषेत आधी लिहून ठेवायचे असते. परीक्षकाने निकालापूर्वी आपली कसोटी उघड करायची, असा हा शिरस्ता. आमच्या किती परीक्षणांना तो सोसेल?

या क्षेत्राने स्वतःची झाडाझडती घेतली, हे विशेष. २००८ साली ट्रेगर, झेडॉक आणि सहकाऱ्यांनी १०६ शोधनिबंधांतील ४१५ मोजमापे तपासली. निष्कर्ष असा की लोकप्रिय साधनांपैकी बहुतेक सदोष आहेत, आणि अनेक निबंधांतून खऱ्या कामगिरीचा अंदाजच येत नाही. १९९७ सालच्या 'पोस्टमार्क'चे उदाहरण घ्यावे. ईमेल सांभाळणाऱ्या यंत्रावरील छोट्या छोट्या फाइलींच्या कामाची ते नक्कल करते. त्यात आधीपासून भरून दिलेले आकडे पुढच्या काळातील यंत्रांना इतके किरकोळ ठरले की सगळे काम मेमरीतच क्षणार्धात उरकू लागले आणि डिस्कची परीक्षा राहूनच गेली. साधनातील एक अक्षरही बदलले नव्हते; भोवतालचे जग बदलले होते. २०११ च्या आणखी एका निबंधात दिसले की वाचायची फाइल मेमरीत मावेनाशी होताच, आकार थोडासाच वाढलेला असूनही, वेग सुमारे एकदशांशावर येतो. अलीकडचा आकडा खरा, पलीकडचाही खरा. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात कोणता छापला जाईल, हे सांगायला नको.

म्हणून माप एकदा घडवून भागत नाही. ते राखावे लागते. संहिता खुली केली म्हणजे ती आपोआप टिकते, हा भाबडा समज आहे. कोणीतरी बसून तक्रारी वाचतो, नव्या यंत्रावर ती चालवून पाहतो, जुने आकडे बदलतो. या कामाला पदवी नाही, पुरस्कार नाही, प्रकाशन समारंभ तर नाहीच. आम्हांला हे दुःख अपरिचित असू नये. भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी झाली. तीसाठी १२५९ हस्तलिखिते पाहिली गेली. संपादकांनी स्वीकारलेला पाठ वर छापला आणि नाकारलेले पाठ त्याच पानावर खाली दिले, म्हणजे वाचकाला संपादकाशी भांडता यावे. मुक्तस्रोताचे तत्त्व याहून वेगळे काय आहे? सुखठणकरांची परंपरा सांगणाऱ्यांना फाइलबेंच परके वाटावे, याचेच आम्हांला नवल वाटते.

'मोजणे म्हणजे बाजाराला शरण जाणे' असे म्हणणारा एक पक्ष आमच्यात आहे. त्याने डहाणू-तलासरीचा इतिहास आठवावा. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' आपण वर्गात आदराने शिकवतो. सायवन ज्या मुलखात आहे, तेथील वारल्यांच्या पिढ्या वेठबिगारीत गेल्या. वेठीला माप नसते, हेच वेठीचे बळ. १९४५ च्या लढ्यात मागणी आली ती पाचशे पौंड गवतकापणीला अडीच रुपये अशी: तराजूत घालून कोणालाही पडताळता येईल अशी. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मारले गेले. त्या माणसांना मोजमाप धन्याची मिरास वाटली नाही. ते त्यांना आपल्या हाती हवे होते. बाजाराला शरण जातो तो दुसऱ्याचा आकडा मुकाट्याने घेणारा.

आता प्रश्न आमच्या दाराशी आला आहे. जुन्या मासिकांची पाने छायांकित करून ठेवायची तर लक्षावधी लहान फाइली होतात; सायवनच्या वारली कथा-गीतांची ध्वनिमुद्रणे ठेवायची तर मोजक्या, पण मोठ्या. एकीला अनुकूल व्यवस्था दुसरीला जड जाऊ शकते, आणि 'सेकंदाला इतके मेगाबाइट' हा एकच आकडा त्या दोहोंविषयी काहीच सांगत नाही. शिवाय वेगाचे माप टिकाऊपणाचे माप नव्हे. तो प्रश्न निराळा विचारावा लागतो. खरेदी समितीवर भाषेचे प्राध्यापक बसतात आणि सही करून उठतात. त्यांनी एवढेच विचारावे: हा आकडा कोणत्या साधनाने काढला, त्याची संहिता कोठे आहे, आणि आमच्या फाइलींसारख्या फाइलींवर तो पुन्हा काढून दाखवाल काय?

विद्यापीठांकडे आमची मागणी याहून थोडी मोठी आहे. असे साधन राखणे हे संपादनाइतकेच विद्वत्तेचे काम मानावे, आणि मराठी संग्रहांच्या कामाचे वर्णन त्या साधनाच्या भाषेत लिहून देणे हा साहित्य आणि संगणक या दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांचा संयुक्त प्रकल्प व्हावा. संग्रहात काय आहे आणि वाचक ते कसे धुंडाळतो, हे अभियंत्याला कोण सांगणार? ते आम्हांलाच ठाऊक आहे, आणि ते आम्ही अद्याप सांगितलेले नाही.